हाकेला ओ

सुगंधाबाईंनी जेवायला तिसरं ताट मांडलं, तेव्हा त्याच दुपारी घरी आलेल्या शलाकाला वाटलं, वाडीतलं कोणी यायचं असेल.

"आये, कोण येवचो आसा?"

"तुझो बापूस," सुगंधाबाई म्हणाल्या आणि भाताचं पातेलं उतरवायला वळल्या.

शलाकाच्या हातातला तांब्या हातातच राहिला. विश्राम गावडे जाऊन तेवीस वर्षं झाली होती. शलाका तेव्हा अकरा वर्षांची होती आणि सावंतवाडीला बोर्डिंगात शिकत होती. आई वयाने थकली असली, तरी डोकं अजून लखलखीत होतं. गावातल्या कोणाचं कोणाशी किती पिढ्यांपूर्वी बिनसलं, ते कारणांसकट सांगायची. म्हणून तर शलाका तिच्याकडे बघतच राहिली.

"असा बघू नको. मी खुळी नाय," आई म्हणाली. "माणूस मेलो ता माका म्हायत आसा. मीच तेका न्हाणयलंय. पण पावस लागल्यापासून दरीतसून शीळ येता, ती तेचीच, आणि मी रोज ओ देतंय. इलो तर इलो, नाय तर गायीक घालीन ता ताट."

वझरेवाडी आंबोलीच्या बाजूला, शेळपाच्या दरीच्या काठावर. इथलं धुकं एकदा उतरलं की माणसाला स्वतःची पावलं दिसत नाहीत. आणि धुक्यात कोणाला नावाने हाक मारायची नाही, हा वाडीचा जुना दंडक. नाव घेतलं की दरीतला चकवा ते उचलतो आणि त्याच नावाने हाका मारत माणसाला कड्यावर नेतो, अशी समजूत. म्हणून इथे प्रत्येक घराची स्वतःची शीळ असे. धुक्यात अडकलेला माणूस आपल्या घराची शीळ घाली, तिला म्हणायचे हाक. घरातलं माणूस ठरलेल्या दुसऱ्या शिळेने उत्तर देई, ती ओ. ओ ज्या बाजूने येईल, त्या बाजूला चालत सुटायचं. मोबाइल आले, मग वाट दाखवणारे चष्मे आले, तशा शिळाही विरत गेल्या. आता त्या चार-दोन म्हाताऱ्यांच्या ओठांवर उरल्या होत्या.

"त्या दिसा मी ओ देवक नाय," सुगंधाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या.

हे शलाकाने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. बाबा धुक्यात वाट चुकून कड्यावरून पडले, एवढंच तिला ठाऊक होतं.

"तुझो बापूस तीन आयतवार 'चेडवाक बघूक बोर्डिंगात जातंय' म्हणत होतो, आणि पावण्यांका पाखरां दाखवक जात होतो. तू थय रडत बसलेलंस. माका राग इललो. सांजेक धुक्यातसून हाक घातल्यान. मी भाकरी थापत होतंय. म्हटलंय, बसांदे वायच. वाट तर डोळे झाकून गावता तेका. परत घातल्यान. मी चुलीत फुकीत रवलंय." त्या थांबल्या. "तिसऱ्यांदा घातल्यान, तेवा मी उठान भायर इलंय. तोवर शीळ बंद."

भांडण आपल्यावरून झालं होतं, हे शलाकाला आत्ता कळत होतं.

तेवढ्यात दरीच्या बाजूने शीळ आली. चढत गेलेले सूर, मग उतरलेले, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर उचललेला एक तुकडा. मग शांतता. सुगंधाबाई उठून ओटीवर गेल्या आणि त्यांनी दोन लांब, एक आखूड अशी ओ दिली. पुढचा दात पडल्यामुळे मधेच हवा सुटून फुस्स आवाज आला.

शलाका दारातच उभी राहिली. ती शीळ कोणाची, हे तिला चांगलं ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं. ती नाचण होती, आणि तिला ते गाणं शलाकानेच शिकवलं होतं.

*

नाचण म्हणजे चिमणीहून लहान, काळपट राखी रंगाचं पाखरू. गळ्यावर पांढरा पट्टा, आणि शेपटी अशी की घडीघडीला पंख्यासारखी उघडते. एका जागी स्थिर बसेल तर शपथ. त्या शेपटीच्या फटकाऱ्याने पानाआडचे किडे उठतात आणि ही त्यांना हवेतच टिपते. डोंगरातल्या दाट, ओल्या रानातलं हे पाखरू. शलाका जिथे काम करायची त्या पक्षी-संस्थेच्या प्रकल्पाची फाइल मंत्रालयात पहिलं वर्षभर तृणधान्य विभागात पडून होती, कारण कोणीतरी 'नाचणी' वाचलं होतं. खात्याने बियाण्याचा दरही विचारला होता.

गाणारी पाखरं गाणं पोटातून घेऊन येत नाहीत. माणसाचं मूल जसं बोलायला शिकतं, तसं पिल्लू आधी ऐकतं, मग अडखळत बडबडतं आणि थोरांच्या गाण्याशी ताडून बघत सुधारतं. यासाठी त्याला आयुष्याचे पहिले काही महिनेच मिळतात. ती खिडकी मिटली की जे गाणं बसलं ते बसलं. दरीदरीला बोली वेगळी; आणि ज्या नराची बोली ओळखीची वाटत नाही, त्याच्याकडे मादी ढुंकूनही बघत नाही.

शेळपाच्या दरीत नेमकं हेच आडवं आलं. उन्हाळे वाढले, किडे घटले, रानाचे तुकडे झाले, आणि नाचणी इतक्या विरळ झाल्या की पिल्लांना ऐकायला थोरला नरच उरला नाही. ती पोरकी पिल्लं बुलबुलाचा एक सूर, दयाळाचा एक, असं काहीबाही जोडून गाऊ लागली. माद्या फिरकेनात. किडे परत आले, रानही थोडं सावरलं, पण घरटी होईनात. पाखरं होती, पण त्यांची भाषा गेली होती.

यावर संस्थेने पेट्या बनवल्या. सुपारीएवढा कान, तेवढंच तोंड आणि आत शिकलेलं यंत्र. पेटी झाडावर बसून प्रत्येक पिल्लाचा आवाज वेगळा ओळखे. पिल्लू बडबडलं की ऐकून घेई. बरोबर सुराच्या जवळ आलं की पुढचा तुकडा गाऊन दाखवी. चुकलं की गप्प बसे. वाडीने पेट्यांना लगेच नाव दिलं, गुरुजी. "तुमचे गुरुजी आमच्या फणसावर भिजतत गो," असं, यंदा पेट्या दरीतून वाडीपर्यंत आल्यावर, बाबलकाका शेजारून ओरडून सांगत.

पण गुरुजींना गाणं कुठून येणार? या दरीच्या नाचणीचं जुनं ध्वनिमुद्रण शोधशोध शोधून एकच मिळालं. कोण्या पर्यटकाने पावसाळ्यात, धुक्यात, मोबाइलवर केलेलं. पाखरू त्याला दिसलं नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं. यंत्राने ते इतर दऱ्यांतल्या नाचणींशी ताडून पाहिलं आणि शंका काढली: सुरुवात जुळते, शेवटचा उचललेला तुकडा कुठेच सापडत नाही. ही स्थानिक बोली समजायची का? निर्णय या भागातल्या माणसाने घ्यायचा होता, म्हणजे शलाकाने. तिने ते ऐकलं, आणि अंगावर सरसरून काटा आला. घर आठवलं, ओटी आठवली. हीच आमची नाचण, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्याला आता तिसरं वर्ष होतं. पहिल्या तुकडीची पिल्लं जाणती होऊन गात होती. माद्या जवळ येत होत्या, काही घरटीही झाली होती. एकच कोडं सुटत नव्हतं. डोंगरातल्या या पाखरांत मादीही गाते, नराला उत्तर देते. इथल्या माद्या मुक्या होत्या, कारण मादीचं गाणं त्या मुद्रणात नव्हतंच. नर हाक घालत, मग थांबून राहत आणि पुन्हा घालत. ते थांबणंही त्यांनी पेटीकडूनच उचललं होतं.

*

दुसऱ्या दिवशी शलाकाने संस्थेच्या चौकीवर जाऊन मूळ मुद्रण उघडलं. यंत्राने स्वच्छ केलेलं नव्हे, अगदी पहिलं, खरखरीसकट.

पाखराच्या गळ्यात दोन कंठ असतात. दोन सूर एकाच वेळी निघू शकतात. खऱ्या नाचणीच्या गाण्यात ते गुंफलेले असतात. या मुद्रणात आलेखावर एकच रेघ होती. यंत्राला ते मुद्रणाच्या खराबीमुळे वाटलं होतं आणि तिलाही. मग यंत्राने गोंगाट म्हणून जे काढून टाकलं होतं, ते तिने परत जागेवर बसवलं. पहिल्या सुराआधी घेतलेला श्वास. पावसाची टपटप. आणि दुसऱ्या शिळेनंतर, अगदी हळू, एक खोकला.

बाबा विडी ओढायचे. तो खोकला तिने पुन्हा ऐकला आणि टेबलावर डोकं ठेवून रडली.

बाबांनी शिळेची सुरुवात नाचणीकडूनच उचलली असणार, आणि शेवट स्वतःचा जोडला असणार. मुद्रणात हाक होती, मग थांबणं होतं, पुन्हा हाक होती. ओ कुठेच नव्हती. मुद्रणाच्या पोटात तारीखही असणार. शोधली असती तर मिळाली असती. शलाकाने शोधली नाही.

दुपारी पुण्याहून कीर्तने मॅडमचा फोन आला. संस्थेच्या प्रमुख, एरवी मोजून बोलणाऱ्या. आज आवाजातला आनंद लपत नव्हता. "शलाका, मंजुरी मिळाली! आणखी पाच दऱ्यांत पेट्या बसणार. आणि समितीचं म्हणणं, तुझ्या शेळपाचंच गाणं सगळीकडे द्या. पुढे रानं जोडली गेली की सगळी पाखरं एकच भाषा बोलतील. तुझ्या अहवालावर सही झाली की सुरू."

"मॅडम," शलाका म्हणाली आणि तिथेच अडली.

गप्प राहिलं तर? पाच दऱ्या, शेकडो पाखरं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात बाबा. आईला रोज ओ द्यायला मिळेल. माद्यांनी तर हे गाणं स्वीकारलंच आहे. कोणाला कळणार होतं? पण शेजारच्या दऱ्यांत अजून खऱ्या बोलीची मोजकी पाखरं तग धरून होती. त्यांच्या पिल्लांना तेवीस वर्षांपूर्वी वाट चुकलेल्या एका माणसाची शीळ शिकवायची, म्हणजे त्यांचं उरलेलं गाणंही आपल्या हाताने पुसायचं.

"काय गं? आनंद झाला नाही?"

"उद्या सांगते, मॅडम. आधी आईशी बोलायचंय."

*

शलाका निघाली तेव्हा धुकं घाट चढून वाडीत शिरलं होतं. घर उघडं होतं. चूल पेटलेली, ओटीवर कोणी नाही.

"तुझी आवस कड्याच्या वाटेक गेली," कुंपणापलीकडून बाबलकाकांचा आवाज आला. ते स्वतः दिसत नव्हते. "मघापासून शीळ येता, आणि ती ओ देत पुढे पुढे जाता. मी थांबयतलंय होतंय, पण धुक्यात नाव कसा घेवचा?"

शलाका पायवाटेला लागली. चष्मा वाट दाखवत होता, पण आई कुठे ते त्याला कळत नव्हतं. आईने अंगावर असलं काही कधी बाळगलंच नव्हतं. पुढून, खालून, बाबांची शीळ आली. थोड्या वेळाने आईची ओ, फुस्स करणारी. ती कड्याच्या फारच जवळून येत होती.

तिने मनगटावरच्या पट्ट्यावरून दरीतल्या सगळ्या गुरुजींना गप्प केलं. पट्ट्यावरचा एकेक दिवा विझला. शीळ तरीही आली. पेट्या बंद करता येत होत्या, पाखरं नाही. ती आता त्यांचं गाणं गात होती, आणि हाक घालून थांबत होती, आणि कड्याच्या टोकावरच्या झुडपांत तर ती सर्वांत जास्त होती.

"आये!" असं ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. धुक्यात तोंडाने मारलेली हाक आई मानणार नाही. चकवा म्हणेल आणि उलट्या दिशेला जाईल. बाबांची शीळ घातली तर? त्यात आणखी एक बाबा वाढतील, एवढंच.

मग तिला सुचलं, आणि ती उलटी घराकडे पळाली. ठेचकाळली, गुडघा फुटला, पण ओटीवर पोचली. कारण ओ घरातूनच द्यायची असते. लहानपणी ती याच ओटीवर आईच्या मांडीला टेकून बसायची आणि आई ओ द्यायची. तिने ओठ जुळवले. नुसती हवा गेली. पुन्हा जुळवले. दोन लांब, एक आखूड. बेसूर, थरथरती, पण ओ.

काही नाही.

तिने परत दिली. घसा कोरडा पडला, तरी देत राहिली. रडू फुटलं की शीळ फुटत नाही, म्हणून तिने रडू आवरलं. दरीत पाखरं हाका घालत होती आणि ती एकटी सगळ्यांना ओ देत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग अंगणातली काटकी मोडली, आणि धुक्यातून आधी इरलं आणि मग त्याखालची आई बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला खरचटलेलं. शलाकाने धावत जाऊन तिला घट्ट धरलं.

"ओ कोणी दिली?"

"मी."

"शेवट चुकलो तुझो."

"चुकलो, तरी तू इलंस मा?"

सुगंधाबाई ओटीवर टेकल्या. बराच वेळ नुसत्या धापा टाकत होत्या. "तेका ओ देत जात होतंय," त्या म्हणाल्या. "पायाखालची माती सुटली तरी कळला नाय. आणि पाठसून माझीच ओ इली. म्हटलंय, मी हय, तर घराकडसून ओ देता कोण? मगे समाजला. हरावलेली मीच."

चुलीपाशी बसून, आईच्या हाताला हळद लावता लावता, शलाकाने सगळं सांगितलं. पाखरं, पेट्या, ते मुद्रण, तो खोकला. काहीच राखून ठेवलं नाही, फक्त तारखेचं बोलली नाही.

"म्हणजे तुझ्या बापाशीची शीळ तू पाखरांका शिकवलंस," आई सावकाश म्हणाली, "आणि तुका कळला नाय?"

"नाय."

"गाण्यात तुका मार्क होते कधी?"

शलाकाला रडता रडता हसू आलं. मग तिने उरलेलं, कठीण तेवढं सांगितलं. "आता बदलूक होया, आये. शेजारच्या दरीत नर-मादीचा खरा गाणा अजून आसा. पेट्यांत ता घातला की नवी पिल्लां ताच शिकतली. हय जी पाखरां आसत ती आसत तोवर बाबांची शीळ रवतली. मगे जातली." तिने आईकडे बघायचं टाळलं. "मी गप रवलंय तर रवात. तू सांग."

सुगंधाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. दरीतून शीळ आली. त्यांचे ओठ सवयीने जुळले, मग त्यांनी ते मिटून घेतले.

"एवढोसो गळो तेंचो," त्या म्हणाल्या. "तेच्यात माझो राग कित्या? तेंका तेंचा गाणा दी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

सकाळी शलाकाने कीर्तने मॅडमना फोन केला आणि अहवाल मागे घेतला. मंजुरी लांबणार होती, समितीपुढे मान खाली घालावी लागणार होती. दोघींनाही ते कळत होतं. शेवटी मॅडम एवढंच म्हणाल्या, "तो खोकला मलाही ऐकव." आणि ऐकून झाल्यावर, "तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं, आमचीच नाचण म्हणून."

*

पुढच्या वसंतात गुरुजींनी नवं गाणं धरलं. जाणत्या नरांनी मात्र आपलं सोडलं नाही. त्यांची खिडकी केव्हाच मिटली होती. त्यातल्या एकाने अंगणातला रातांबा आपला मानला होता. शेपटी उघडत, मिटत, या फांदीवरून त्या फांदीवर नाचत तो विश्राम गावड्यांची हाक घाली आणि गप्प होऊन वाट बघी. सुगंधाबाई ऐकत, पण ओ देत नसत.

त्या दिवशी त्या ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. शलाका सुट्टीवर आली होती, पायरीवर बसून चहा पीत होती. रातांब्यावरून हाक आली. मग नेहमीची ती शांतता.

आणि अंगणाच्या टोकाला, बांबूच्या बेटातून, एका बारीक गळ्याने ओ दिली. दोन लांब, एक आखूड. आणि मधे, अगदी नेमक्या जागी, फुस्स.

सुपातला हात थांबला. शलाकाच्या चष्म्यावर उमटलं: मादी, गेल्या वर्षीचं पिल्लू, याच अंगणात वाढलेली. गेल्या पावसाळ्यात सुगंधाबाई रोज ओटीवरून ओ देत होत्या, तेव्हा ती बेटात बसून शिकत होती. मादीचं गाणं तिला दुसरं कोणी शिकवलंच नव्हतं.

"मेल्यान माझो दातव उचलल्यान!" सुगंधाबाई म्हणाल्या, आणि हसू लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शलाकाने आईला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

रातांब्यावरच्या नराने मान वळवली. पुन्हा हाक घातली. बेटातून पुन्हा ओ आली, आता जरा मोठ्याने. तो फांदी सोडून उडाला, अंगणावरून, दोघींच्या समोरून सरळ गेला, आणि ओ आली होती तिथे बांबूत शिरला.

सुगंधाबाई तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"पोचलो," त्या म्हणाल्या.